चकमकींचा हिशेब : प्रदीप शर्मा यांची कारकीर्द आणि ठाण्यापुढील प्रश्न

मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी प्रदीप शर्मा या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावली. शंभरांहून अधिक गुंडांना चकमकीत ठार मारल्याचे श्रेय ज्यांना वर्षानुवर्षे दिले गेले, ज्यांच्या नावाचा दबदबा अंधेरीपासून ठाण्यापर्यंत होता, त्या अधिकाऱ्याच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे वळण ठरले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांना तात्पुरता दिलासा दिला आणि उच्च न्यायालयाने घातलेली शरण जाण्याची अट तूर्त स्थगित झाली. त्यामुळे या प्रकरणातील अखेरचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचाच राहणार, हे स्पष्ट आहे. मात्र शर्मा यांच्या कारकिर्दीकडे केवळ एका व्यक्तीचा उदय आणि अस्त म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ही कारकीर्द घडवण्यात सरकारचा, राजकीय पक्षांचा, प्रसारमाध्यमांचा आणि सर्वसामान्य मध्यमवर्गाचाही वाटा आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकरांचा तर तिच्याशी थेट संबंध आहे. कारण तिचा शेवटचा आणि सर्वांत वादग्रस्त टप्पा याच आयुक्तालयाच्या हद्दीत घडला आणि तिच्यातून उभा राहिलेला प्रश्न सप्टेंबर २०२४ मध्ये मुंब्रा बायपासवर पुन्हा एकदा समोर आला.

१९८३ची तुकडी

शर्मा यांचे मूळ उत्तर प्रदेशातील असले, तरी ते महाराष्ट्रात, धुळ्यात वाढले. १९८३ साली ते उपनिरीक्षक म्हणून पोलीस दलात दाखल झाले. नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेली ही तुकडी पुढे दंतकथेसारखी झाली. विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे सारे त्याच तुकडीतले. यांपैकी साळसकर २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात हुतात्मा झाले. इतरांपैकी काहींच्या वाट्याला निलंबन, अटक आणि खटले आले. एकाच तुकडीच्या नशिबी इतके टोकाचे मानसन्मान आणि इतकी टोकाची नामुष्की येते, तेव्हा दोष केवळ व्यक्तींच्या स्वभावात शोधून भागत नाही. त्यांच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा केली गेली, हेही पाहावे लागते.

ती अपेक्षा नव्वदच्या दशकातील परिस्थितीने निर्माण केली होती. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर टोळ्यांमध्ये उभी फूट पडली होती. १९९४ मध्ये भाजपचे आमदार रामदास नायक यांची भररस्त्यात हत्या झाली. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘टी-सिरीज’चे गुलशनकुमार यांना गोळ्या घालण्यात आल्या. चित्रपट निर्माते, हॉटेलमालक आणि बांधकाम व्यावसायिक यांना खंडणीसाठी येणारे दूरध्वनी ही रोजची बाब झाली होती. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरात सुरेश मंचेकर टोळीची दहशत होती. ही भीती कल्पनेतली नव्हती. दुकान उघडावे की नाही, मुलाला शाळेत एकटे पाठवावे की नाही, असे प्रश्न त्या काळात अनेक घरांना पडत होते. त्याच वेळी खटले वर्षानुवर्षे रेंगाळत होते, साक्षीदार फिरत होते आणि गुंड जामिनावर सुटून पुन्हा खंडणीचा धंदा मांडत होते.

या कोंडीतून दोन मार्ग निघाले. एक कायद्याचा होता. १९९९ साली राज्य सरकारने महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच ‘मोक्का’ आणला आणि टोळ्यांच्या आर्थिक व संघटनात्मक नाड्या आवळण्याचे साधन पोलिसांच्या हाती आले. दुसरा मार्ग चकमकींचा होता. १९८२ मध्ये वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला होता. नव्वदच्या दशकात तो अपवाद राहिला नाही, ती पद्धत झाली. केवळ १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकी होऊन त्यांत सुमारे १३५ जण मारले गेले, असे पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात नमूद झाले आहे. या आकड्यांच्या मागे-पुढे अधिकाऱ्यांचे वैयक्तिक आकडेही मोजले जाऊ लागले. कोणाच्या नावावर किती, याच्या याद्या वर्तमानपत्रांनीच छापल्या. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हे बिरुद पोलीस नियमावलीत कोठेही नव्हते. ते समाजाने आणि माध्यमांनी बहाल केले. २००४ साली ‘अब तक छप्पन’ पडद्यावर आला, तेव्हा या बिरुदाला वलयही लाभले.

वर्सोव्यातील एक सायंकाळ

शर्मा यांच्या कारकिर्दीला कलाटणी देणारी घटना ११ नोव्हेंबर २००६ची आहे. छोटा राजन टोळीशी संबंधित असल्याचा संशय असलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्याला त्या दिवशी दुपारी त्याचा मित्र अनिल भेडा याच्यासह वाशीतून उचलण्यात आले. सायंकाळनंतर वर्सोव्यातील नाना-नानी पार्कजवळ झालेल्या चकमकीत तो ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले.

अशा डझनावारी चकमकी याआधी झाल्या होत्या आणि प्रत्येकीची कथा साधारण एकसारखी होती. गुप्त माहिती मिळते, सापळा लावला जातो, आरोपी गोळीबार करतो आणि स्वसंरक्षणार्थ पोलीस प्रत्युत्तर देतात. या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी घडली. मृताचे बंधू अ‍ॅड. रामप्रसाद गुप्ता हे व्यवसायाने वकील होते. भावाला उचलल्याचे कळताच त्यांनी पोलीस आयुक्तांसह वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवून त्याच्या जिवाला धोका असल्याचे कळवले. चकमक झाल्याचे जाहीर होण्यापूर्वीच भाऊ पोलिसांच्या ताब्यात असल्याचा लेखी पुरावा तयार झाला होता. हा एक कागद नसता, तर हे प्रकरणही इतरांसारखेच फाइलबंद झाले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

पुढचा लढा दीर्घ होता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली आणि ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या अहवालात ही हत्या पोलिसांच्या ताब्यात असताना झाल्याचा निष्कर्ष निघाला. योगायोगाने त्याच महिन्याच्या अखेरीस शर्मा यांना गुन्हेगारी जगताशी संबंध असल्याच्या आरोपावरून सेवेतून बडतर्फ करण्यात आले. मे २००९ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने ही बडतर्फी रद्द केली. परंतु सप्टेंबर २००९ मध्ये उच्च न्यायालयाने लखनभय्या प्रकरणी विशेष तपास पथक नेमले आणि जानेवारी २०१० मध्ये शर्मा यांना अटक झाली.

मार्च २०११ मध्ये अनिल भेडा साक्ष देण्याच्या अवघ्या काही दिवस आधी बेपत्ता झाला. पुढे मनोर परिसरात त्याचा मृतदेह सापडला. वाशीतून लखनभय्यासोबत ज्याला उचलले गेले, तो सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही. चकमकींचे समर्थन करणारे नेहमी म्हणतात, की साक्षीदार टिकत नाहीत म्हणून कायद्याचा मार्ग चालत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस उभे असतानाही साक्षीदार टिकू नये, यातील विदारक विसंगती त्यांनी ध्यानात घ्यायला हवी.

मे २०११ मध्ये याच प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या जामिनावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने अत्यंत कठोर भूमिका घेतली. बनावट चकमक म्हणजे कायद्याच्या रक्षणकर्त्यांनी थंड डोक्याने केलेला खून आहे, असे न्यायालयाने बजावले. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली. शर्मा यांची मात्र निर्दोष मुक्तता झाली. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने दोषी पोलिसांपैकी ११ जणांची शिक्षा स्थगित करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला. शिक्षा झालेल्यांना बाहेर काढण्याची घाई सरकारला का व्हावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही.

ठाण्यातील पुनरागमन

निर्दोष मुक्ततेचा आधार घेऊन ऑगस्ट २०१७ मध्ये शर्मा यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले आणि त्यांची नेमणूक ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकात झाली. त्या वेळी परमबीर सिंह ठाण्याचे पोलीस आयुक्त होते. ही मुक्तता अंतिम नव्हती. तिच्याविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात प्रलंबित होते. तरीही थेट खंडणीविरोधी पथकाचीच सूत्रे त्यांच्याकडे द्यावीत, असे सरकारला आणि पोलीस प्रशासनाला वाटले.

ठाण्यात त्यांचे स्वागत उत्साहाने झाले, हेही खरे. याचे कारण या भागाच्या वाढीत आहे. घोडबंदर मार्गावरील मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली हा पट्टा पाहता पाहता गावांचा, शेतांचा आणि कारखान्यांचा राहिला नाही, तो टोलेजंग संकुलांचा झाला. डोंबिवलीतील मानपाडा परिसराचीही हीच कहाणी आहे. जिथे जमिनीचे भाव वाढतात, तिथे जमिनीवर हक्क सांगणारे, हप्ता मागणारे आणि ‘वाद मिटवून’ देणारेही वाढतात. सप्टेंबर २०१७ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला धमकावून खंडणी घेतल्याच्या प्रकरणात शर्मा यांच्या पथकाने दाऊद इब्राहिमचा भाऊ इक्बाल कासकर याला मुंबईतील नागपाड्यातून अटक केली. २०१८ मध्ये क्रिकेट सट्टेबाजीच्या प्रकरणात सोनू जालान या बुकीला पकडण्यात आले आणि अभिनेता अरबाज खान याला चौकशीसाठी ठाण्यात यावे लागले. शर्मा पुन्हा मथळ्यांत आले.

परंतु याच जालानने पुढे २०२१ मध्ये परमबीर सिंह आणि शर्मा यांच्याविरुद्ध खंडणी उकळल्याची तक्रार केली. सट्टेबाजीच्या आरोपात अडकलेल्या माणसाची तक्रार म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहावे लागेल, हे मान्य. तरीही खंडणी रोखण्यासाठी उभारलेल्या पथकावरच खंडणीचा आरोप व्हावा, यातून अशा पथकांच्या रचनेतील मूलभूत धोका दिसतो. ठराविक पोलीस ठाण्याची हद्द नाही, नित्याच्या तक्रारींचे ओझे नाही, थेट वरिष्ठांशी संबंध आणि धाकदपटशाची ख्याती, असे सारे एकत्र आले की नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

जुलै २०१९ मध्ये शर्मा यांनी सेवेचा राजीनामा दिला, सप्टेंबरमध्ये शिवसेनेत प्रवेश केला आणि ऑक्टोबरमध्ये नालासोपारा मतदारसंघातून विधानसभेची निवडणूक लढवली. बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर यांनी त्यांचा सुमारे ४३ हजार मतांनी पराभव केला. शर्मा यांना लाखाहून अधिक मते पडली, हेही विसरता येणार नाही. हरले तरी ते नाकारले गेले नव्हते.

त्यानंतर आले २०२१ साल. २५ फेब्रुवारीला मुंबईत उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या ‘अँटिलिया’ निवासस्थानाजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली मोटार सापडली. ५ मार्चला या मोटारीशी संबंधित ठाण्याचे व्यावसायिक मनसुख हिरेन यांचा मृतदेह मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत आढळला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने १३ मार्चला सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांना आणि १७ जूनला शर्मा यांना अटक केली. हिरेन यांच्या हत्येच्या कटात शर्मा यांचा सहभाग असल्याचा यंत्रणेचा आरोप आहे. शर्मा यांनी तो नाकारला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना जामीन दिला. आरोप सिद्ध होईपर्यंत ते या प्रकरणात निर्दोषच मानले पाहिजेत. मात्र एक साम्य नोंदवण्याजोगे आहे. वाझे यांनाही ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात २००४ मध्ये निलंबित करण्यात आले होते. त्यांनीही मधल्या काळात शिवसेनेत प्रवेश केला होता आणि तब्बल १६ वर्षांनी, जून २०२० मध्ये, त्यांनाही सेवेत परत घेण्यात आले. दोन्ही वेळी सत्तेवरील सरकारे वेगवेगळ्या आघाड्यांची होती. या बाबतीत मात्र त्यांचे वर्तन सारखेच होते.

अमेरिकेतील एका शेरीफचा धडा

लोकप्रियतेच्या बळावर कायद्याला वाकवणारा पोलीस अधिकारी हे काही फक्त आपल्याकडचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत परगण्याचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, थेट मतदानाने निवडला जातो. फ्लोरिडा राज्यातील लेक परगण्यात विलिस मॅकॉल हा १९४४ मध्ये शेरीफ म्हणून प्रथम निवडून आला आणि एकूण सात वेळा मतदारांनी त्याला कौल दिला. १९४९ मध्ये एका गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराच्या आरोपावरून ग्रोव्हलँड येथील चार कृष्णवर्णीय तरुणांना गोवण्यात आले. त्यांपैकी एक अटकेपूर्वीच जमावाच्या गोळ्यांना बळी पडला. दोघांची फाशी १९५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. त्या सुनावणीसाठी तुरुंगातून नेत असताना मॅकॉलने वाटेतच या दोन बेडीबंद कैद्यांवर गोळ्या झाडल्या. त्यांनी आपल्यावर हल्ला केला, असे त्याचे म्हणणे होते. एक जण जागीच मरण पावला. दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला, वाचला आणि खरी हकीकत सांगू शकला. तरीही मॅकॉलला शिक्षा झाली नाही आणि तो १९७२ पर्यंत निवडून येत राहिला. चौघांना मरणोत्तर माफी मिळायला २०१९ आणि न्यायालयाने निर्दोष ठरवायला २०२१ साल उजाडले.

मतदारांचा पाठिंबा हा पोलिसी कृत्याच्या वैधतेचा पुरावा नसतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. आपल्याकडे पोलीस निवडणुकीने नेमले जात नाहीत. परंतु पुष्पहार, सत्कार, फलक आणि पक्षांची तिकिटे यांतून आपणही एक प्रकारचे मतदानच करीत असतो.

मुंब्रा बायपास

२३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरमधील बालिकांवरील अत्याचार प्रकरणातील आरोपी अक्षय शिंदे याला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासवर पोलीस वाहनातच गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे. गोळी झाडणारे वरिष्ठ निरीक्षक संजय शिंदे यांनी ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकात शर्मा यांच्यासोबत काम केलेले होते. बदलापूरमध्ये पेढे वाटले गेले आणि ‘बदला पुरा’ असे फलक लागले.

मुलींवरील अत्याचाराने पेटलेला जनक्षोभ रास्तच होता. परंतु जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात या मृत्यूस पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष निघाला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस महासंचालकांनी हे पथक नेमावे, असा बदल त्यात केला. दोष कोणाचा, हे यथावकाश ठरेल. तारखेचा योगायोग मात्र बोलका आहे. ही घटना घडली त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतील चकमकींबाबतच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र यंत्रणेने तपास करावा, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी आणि घटनेनंतर लगेच पदोन्नती किंवा शौर्यपदक देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही अक्षय शिंदे प्रकरणी गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या पित्याला न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला.

आरोपी मरतो तेव्हा खटलाही मरतो. त्याला कोणी पाठीशी घातले, तक्रार घेण्यास विलंब का झाला, हे प्रश्न भर न्यायालयात विचारले जाण्याची मोठी संधी त्याच्यासोबत संपते. मनसुख हिरेन यांच्या कुटुंबाला आज जो न्याय हवा आहे, तो खटल्यातूनच मिळू शकतो. लखनभय्याच्या भावाला तो मिळाला, पण १७ वर्षांहून अधिक काळ झगडून आणि एक साक्षीदार गमावून.

व्यवस्थेची दुरुस्ती

न्यायदानातील विलंब हे चकमकींच्या लोकप्रियतेचे खरे मूळ आहे आणि त्यावर उपाय केल्याशिवाय नुसता नीतिपाठ देऊन काही साधणार नाही. साक्षीदारांना खरेखुरे संरक्षण, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे वेळेत येणारे अहवाल आणि गंभीर खटल्यांची दररोज सुनावणी, या गोष्टी झाल्या तर पिस्तुलाचा मोह ओसरेल. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुचवलेली स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे राज्यात आणि जिल्ह्यात खऱ्या अर्थाने सक्षम झाली पाहिजेत. कैद्यांच्या प्रत्येक वाहनात चित्रीकरणाची सोय असावी. अपील प्रलंबित असलेल्या किंवा कोठडी मृत्यूच्या आरोपात अडकलेल्या अधिकाऱ्याला संवेदनशील पथकात नेमायचे असल्यास त्याची लेखी कारणे सरकारने जाहीर करावीत. यांपैकी एकही मागणी अवास्तव नाही.

उच्च न्यायालयाने मार्च २०२४च्या निकालात शर्मा यांची २०१३ची मुक्तता विपर्यस्त आणि न टिकणारी ठरवली. त्या मुक्ततेच्या आधारे त्यांना ठाण्यात आणणाऱ्यांनी या निकालानंतर काही उत्तर दिले आहे, असे दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयात शर्मा यांचे काय व्हायचे ते होईल. ठाणेकरांनी मात्र पुढच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याच्या नावावरील आकडा ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढे विचारावे, की त्या आकड्यातील किती प्रकरणांत स्वतंत्र तपास झाला आणि कोणी केला.